अळणी ईद

केफ, ३ मार्च १९८८

प्रिय खूया, माझ्या भावा तौफीक,

तुला सुखाचं, दीर्घ आयुष्य मिळो. असं लिहून सुरुवात करायची असते म्हणून केली, नाहीतर माझ्या मनात वेगळंच काही लिहायचं होतं. तू आठवडाभर इस्पितळात पडून होतास आणि ही बातमी मला कुठे कळली, तर बाजारात, कोथिंबिरीच्या जुड्या निवडताना, तुझ्या शेजारणीच्या जावयाकडून. मी तुझी लल्ला, थोरली बहीण. आई गेल्यावर तुझ्या नाकाला पदर मी लावला. आणि मला कोथिंबीरवाल्यासमोर कळावं की माझ्या भावाचं हृदय दमलंय.

फोन करून उपयोग नाही. तुला ऐकू येत नाही आणि तू नुसता ‘हो हो’ करतोस. म्हणून लिहितेय. ते जावईबापू म्हणाले, डॉक्टरांनी तुझं मीठ तोडलंय. मग ते तोड. तुझ्या घरात मिठाचा हात तुझ्या लग्नापासून सैल. मी नाव घेत नाही, पण चुलीपुढे कोण उभं असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिला सांग, लल्ला नझीहाने बजावलंय, भांड्यात चिमूटभरसुद्धा मीठ पडता कामा नये.

अळणी अन्न घशाखाली उतरत नाही हे मला कळतं. म्हणून अम्मारच्या भाड्याच्या मोटारीतून जैतूनफळांची बरणी आणि माझ्या हातचा, लाल मिरच्या वाटून केलेला हरिसा पाठवतेय. अम्मार केरवानमार्गे येतो, गुरुवारी संध्याकाळी स्टँडवर कुणाला तरी पाठव. बरणी उभीच धरायला सांग.

तुझी लल्ला नझीहा

&nbsp;

सफाक्स, १५ मार्च

प्रिय लल्ला,

तुझं पत्र वाचताना मी उगाच सावरून बसलो. या वयातही तुझं अक्षर दिसलं की मला नखं कापलीत की नाही ते बघावंसं वाटतं.

कळवलं नाही, कारण कळवण्यासारखं काही होईल असं वाटलं नव्हतं. पाय सुजले, तर म्हटलं, बूट आवळतायत. जिना चढताना धाप लागली, तर म्हटलं, जिना जुना झालाय. मग एके दिवशी आडवं पडलं की श्वास कोंडायला लागला, तेव्हा सलूहाने माझं काही न ऐकता टॅक्सी बोलावली. डॉक्टरीणबाई माझ्या धाकट्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, काय काम करत होतात. मी म्हटलं, थीनाच्या मिठागरात मुकादम होतो, उभा जन्म तिथेच गेला. बाई हसल्या, मग हसू आवरून त्यांनी मला समजावलं. हृदय म्हणजे पंप, तो दमलाय. मीठ पोटात गेलं की अंगात पाणी साचतं, पायांत उतरतं, छातीत चढतं आणि दमलेल्या पंपाला ते उपसवत नाही. मला हे पटकन कळलं. लल्ला, मी जन्मभर पाणी उडवून मीठ मागे ठेवलं. आता तेच मीठ माझ्या अंगात पाणी धरून बसलंय. मिठागराने सूडच घेतला म्हण.

सलूहाने मिठाची बरणी शेजारी देऊन टाकली. भाकरी अळणी, कुसकुस अळणी, माशाचं सारही अळणी. ती त्यात लिंबू पिळते, जिरं घालते, लसूण ठेचते, काय काय करते बिचारी, पण मला आपलं कागद चावल्यासारखं वाटतं. अशात तुझी बरणी आली. रोज सकाळी भाकरीबरोबर मूठभर जैतून, रात्री पुन्हा मूठभर, आणि सगळ्यावर तुझा हरिसा. जिवंत आहे तो तुझ्यामुळेच.

एक तक्रार आहे. डॉक्टरीणबाईंनी रोज सकाळी वजन करायला सांगितलंय, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच या म्हणाल्या. ते कमी व्हायचं सोडून जागचं हलत नाहीये.

तुझा तौफीक

&nbsp;

केफ, २८ मार्च

प्रिय खूया,

वजन हलत नाही म्हणजे कुठून तरी मीठ जातंय. हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. तू घरी नसताना स्वयंपाकघरात काय चालतं ते तुला काय माहीत? सवयीचा हात असतो, आपोआप बरणीकडे जातो. शेजारी दिलेली बरणी परतही येते. मी काही बोलत नाही. तिने मला कधी चार ओळी लिहिल्या नाहीत, मी तिला लिहिल्या नाहीत, सलाम आपले तुझ्यामार्फत जातात-येतात, ते तसंच बरं आहे. पण माझा एकुलता भाऊ मिठात घालवायचा माझा विचार नाही.

तू स्वतः लक्ष ठेव. भाकरीचं पीठ मळताना समोर बस. बाजारचं चीज, डब्यातला मासा, लोणची, सगळं बंद.

अम्मारबरोबर मोठी बरणी देतेय, पहिली संपत आली असेल. शिवाय बकरी ईदला सुकवलेलं मटण आहे, सारात दोन तुकडे टाकले की त्या कागदाला चव येईल. भरपूर खा. अंगात ताकद आली की हृदयही ताळ्यावर येतं.

नझीहा

&nbsp;

सफाक्स, २४ एप्रिल

प्रिय लल्ला,

रमजान मुबारक. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. मी अगदी ठणठणीत आहे.

यंदा डॉक्टरीणबाईंनी रोजा ठेवू दिला नाही. गोळ्यांच्या वेळा पाळायच्या आहेत. सबंध गल्ली उपाशी आणि मी भर दुपारी कोठीघराचं दार लावून चोरासारखा जेवतो. नातू फटीतून डोकावून विचारतो, ‘जद्दी, तुम्ही तिथे उंदीर पकडताय का?’ मी म्हणतो, हो, अजून सापडला नाही.

सुकं मटण फारच उत्तम. मोठी बरणी निम्म्यावर आली. ईदचा मासाही मिठात लावून ठेवलाय, गल्लीतल्या मोन्सेफच्या, लमीनच्या, मावशीच्या, सगळ्यांच्या वाटणीचा. खारवायचं काम मी दुसऱ्या कुणाला दिलं तर लोक माशाला नावं ठेवतील. मी नुसता हात लावला, तोंडाला काही लावलं नाही, शपथ.

वजनाचं विचारशील, तर आमचा काटा बिघडलेला आहे असं माझं मत झालंय. सलूहाचे सलाम.

तौफीक

&nbsp;

सफाक्स, ३० एप्रिल

आदरणीय लल्ला नझीहा,

मी सलूहा लिहितेय. इतक्या वर्षांत मी तुम्हाला पत्र लिहिलेलं नाही आणि पहिलंच असं लिहावं लागतंय, तर चुकलंमाकलं पोटात घाला.

ते पुन्हा इस्पितळात आहेत. घाबरू नका, कालपरवापेक्षा बरे आहेत. मागचं पत्र त्यांनी तुम्हाला लिहिलं तेव्हा ते खुर्चीत बसून झोपत होते आणि सुजून पायांचे घोटे दिसेनासे झाले होते. काटा बिघडलेला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून विचारलं, घरात कोणतं मीठ जातंय. मी म्हटलं, कोणतंच नाही. मी भाकरीतसुद्धा घालत नाही. त्यांनी विचारलं, मग दिवसभरात काय काय खातात ते सगळं सांगा. मी सांगत गेले, आणि जैतुनांपाशी आले तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. मग हरिसा सांगितला. मग सुकं मटण. त्या म्हणाल्या, आई, हे मिठातच मुरलेलं असतं, तुम्ही चमचा बंद केलात आणि बरणी उघडी ठेवलीत.

लल्ला, मला आधीच कळलं होतं. निदान शंका होती. एकदा मी बरणी कपाटात वर ठेवली. तर ते स्टूल घेऊन चढले, धापा टाकत. मी म्हटलं, यात मीठ आहे. ते म्हणाले, ‘हे मीठ नाही. ही माझी बहीण आहे.’ मी स्टूल धरून उभी राहिले. आणि तुम्हाला लिहिलं असतं, तर तुम्हाला वाटलं असतं, मला तुमच्या हातचं घरात नकोय. आपल्यात आधीच फार गोडी नाही. म्हणून गप्प बसले. ती माझी चूक झाली. तुमचा भाऊ तुमच्या मर्जीपेक्षा मोठा आहे, हे मला इस्पितळात कळलं.

मी दोष देत नाही. तुम्ही जीव लावूनच पाठवत होता.

सलूहा

&nbsp;

केफ, ४ मे

तौफीक,

खोटारड्या. काटा बिघडलाय म्हणे.

तुझ्या बायकोचं पत्र आलं. आधी मी ते टेबलावर आपटलं. माझ्या जैतुनांना नावं? आमच्या आईची रीत ती. मग मी स्वयंपाकघरात गेले, बरणीतून एक जैतून काढला आणि खाऊन बघितला. म्हणजे रोज खातेच, पण त्या दिवशी जिभेवर ठेवून बसले. तौफीक, समुद्र आहे रे नुसता. त्यातलं पाणी तर मी स्वतः मिठाने असं करते, की कच्चं अंडं वर तरंगलं पाहिजे. हरिशात ओंजळभर मी घालते. मटणाला तर मीठ चोळून उन्हात टांगते. आणि हे सगळं करणारी मी, मला वाटत राहिलं की मीठ म्हणजे ते, जे जेवणाच्या टेबलावर असतं. जैतून म्हणजे जैतून, हरिसा म्हणजे मिरची. तुला दर पत्रात मीठ सोड म्हणून लिहिलं आणि त्याच हाताने बरणीचं झाकण आवळलं.

खूप रडले. मग राग आला, तोही तुझाच. तुला नाही म्हणायला काय झालं होतं?

उरलेली बरणी तुझ्या घरातून आजच्या आज बाहेर गेली पाहिजे. मी मीठ न घालता हरिसा केलाय, मिरची, लसूण, धणे, शहाजिरं, वर तेलाचा थर. चांगला झालाय. फार दिवस टिकणार नाही, म्हणून लहान डब्यातून वरचेवर पाठवीन. अम्मारला बजावलंय.

आता खरं सांग. ईदच्या सकाळी तू घराघरांतून फिरणार आहेस का? फिरू नकोस.

नझीहा

&nbsp;

सफाक्स, ९ मे

प्रिय लल्ला,

घरी आलो. पाय पुन्हा माझे दिसायला लागलेत. तुझा नवा हरिसा आला आणि सलूहाच्या अळणी माशावर घातला, तर नातवाने माझ्या ताटातून चोरून खाल्ला. तुम्ही दोघी मिळून दुकान काढा.

नाही म्हणायला काय झालं होतं, असं विचारतेस. तू इतक्या लांबून बरणी उभी धरायला सांगून पाठवतेस आणि मी ती परत करू? इतकी हिंमत असती तर मी मुकादम नाही, मंत्री झालो असतो.

पण ईदचं तू ऐक. मला जावंच लागेल. महिनाभराच्या उपासानंतर सफाक्समध्ये प्रत्येक घरात खारवलेला मासा आणि कांदा-मनुकांचा गोड शरमुला मांडलेला असतो, आणि नमाजनंतर घराघरांत जाऊन एकेक घास घ्यायचा असतो. घास घेतला नाही तर त्या घराशी तुमचं काही बिनसलंय असा अर्थ होतो. तुला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी गेलो नाही, तर लोक म्हणतील तौफीक फुराती आता उठत नाही. लल्ला, मला तसल्या नजरा नकोत. इस्पितळात दोनदा बघितल्या, पुरे झाल्या. पाच घरं आहेत. प्रत्येक घरी नखाएवढा घास घेईन.

डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, तुमच्या हृदयाला ईद कळत नाही. सलूहा मात्र काहीच बोलली नाही, आणि ती बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

तुझा तौफीक

&nbsp;

केफ, १२ मे

तौफीक,

तुला जे करायचं ते कर. तू आता लहान नाहीस. मी थकले सांगून. यावर मी एक शब्द बोलणार नाही आणि काही करणारही नाही. माझ्याकडे पाहुणे येणार आहेत, मला माझ्या घरची कामं पुष्कळ आहेत.

ईद मुबारक.

नझीहा

&nbsp;

सफाक्स, २१ मे

प्रिय, लाडक्या, कपटी लल्ला,

काही करणार नाहीस म्हणालीस. ऐक आता.

ईदच्या सकाळी मी नवा जुब्बा घालून निघालो, तर दारात सलूहा. अंगभर पांढरी सफ्सारी पांघरून तयार. मी म्हटलं, तू कुठे? सकाळची फेरी पुरुषांची. ती म्हणाली, ‘तुम्ही चाला, मी मागून येते.’ लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती या फेरीला कधी आली नव्हती. गल्लीतले लोक बघत होते. ती आपली सरळ चालत होती.

पहिलं घर बय्या मावशीचं. तिची नव्वदी उलटली, तिला काही सांगा, ऐकू येत नाही, आमचा खानदानी आजार. तिने माशाचा मोठा तुकडा शरमुल्यात बुडवला आणि स्वतःच्या हाताने माझ्या तोंडापाशी आणला. मी तोंड उघडलं. तेवढ्यात सलूहा मध्ये वाकली आणि तो घास तिने खाल्ला. मावशी बघत राहिली. सलूहा तिच्या कानाशी ओरडली, ‘मावशी, आता हे जेवले काय आणि मी जेवले काय.’ मावशीला हे इतकं आवडलं, की तिने आणखी दोन घास भरवले, तेही सलूहालाच. मी नुसता शरमुला खाल्ला, बोट चाटून. मनुका, कांदा आणि दालचिनी शिजून शिजून असा झाला होता, की माशाची आठवणच झाली नाही.

दुसरं मोन्सेफचं. त्याच्याकडे मासा दिसेचना. खजूर, दूध, बदामाची मिठाई, आणि मोन्सेफ घाम पुसतोय. मी विचारलं, मी खारवलेला मासा कुठे गेला? तो म्हणाला, तुझ्या बायकोने निरोप पाठवला, की तुझ्यासमोर मासा ठेवू नका. मग तुझ्या बहिणीने केफच्या पोस्टातून गल्लीतल्या किराणावाल्याला फोन केला, की माझ्या भावाच्या घशाखाली तुमच्या उंबऱ्यात मिठाचा कण गेला, तर मी केफहून येऊन तुमच्या दारात बसेन. किराणावाल्याने गल्लीभर सांगितलं. त्या गल्लीत माझ्याकडे बघून बायका मिठाचे डबे लपवत होत्या, लल्ला. मी कुणी फौजदार असल्यासारखा.

तिसऱ्या घरी तेच, चौथ्या घरी तेच. सगळ्यांना दोनदा सांगितलेलं, एकदा सलूहाने, एकदा तू. मी सलूहाकडे बघितलं. तिला तुझ्या फोनचं ठाऊक नव्हतं. ती रस्त्यातच थांबली आणि सफ्सारीत तोंड लपवून हसायला लागली. हसता हसता रडली. मी तिचा हात धरून उभा राहिलो, भर ईदच्या दिवशी, भर रस्त्यात.

पाचवं घर लमीनचं. मिठागरात आम्ही एका पाळीला होतो, तुला आठवत असेल. त्याने पहाटे बंदरावर जाऊन ताजा मासा आणला होता, मीठ न घालता भाजला होता. त्याने माझं ताट वाढलं, मग स्वतःचंही त्याच माशाने भरलं. मी म्हटलं, तू तरी खारा खा, तुला कुणी अडवलंय. तो म्हणाला, ‘तू गेलास तर मला मिठावर थुंकावंसं वाटेल. त्यापेक्षा हे बरं.’ मग आम्ही दोघं, जन्मभर मीठ उपसलेले, ईदच्या सकाळी अळणी मासा खात बसलो आणि पोट दुखेपर्यंत हसलो.

आज सकाळी वजन केलं. कमी झालंय. रात्री एका उशीवर झोपलो. काटा अगदी व्यवस्थित चालतो.

तुझा, तुमच्या दोघींचा

तौफीक

&nbsp;

केफ, २७ मे

प्रिय सलूहा,

हे पत्र तुला आहे. त्याला दाखवू नकोस, उगाच डोक्यावर बसेल.

तू दिलेले निरोप मला माहीत असते, तर मी पोस्टात रांगेत उभी राहिले नसते. पण बरं झालं माहीत नव्हते. मागचा माणूस मला म्हणाला, आजी, तुम्ही पाच घरांना धमक्या देताय, पोलीस बोलावू का? मी म्हटलं, बोलाव, त्यांनाही सांगते.

बय्या मावशीकडचा तो घास मी इथे बसून किती वेळा बघितला असेल. माझ्या पाहुण्यांनाही सांगितलं. एकीने विचारलं, ही सलूहा कोण? मी म्हटलं, माझी भावजय. मग माझ्याच लक्षात आलं, की मी तुला असं कधी म्हटलंच नव्हतं. तुझं नावसुद्धा न घेता मी तुला दर पत्रात बोल लावले. ते सगळे माघारी घेते. अळणी माशाला तू लिंबू कधी पिळतेस, शिजताना की नंतर? माझ्या नवऱ्याच्याही पायांवर हल्ली मोज्यांचे वळ उठतात, उद्या त्याला डॉक्टरांकडे नेतेय. इथल्या बरण्या तळघरात नेऊन ठेवल्या.

तू माझा भाऊ माझ्यापासून नेलास, असं मी इतकी वर्षं मनात धरून बसले होते. तू त्या दिवशी त्याचं न ऐकता टॅक्सी बोलावली नसतीस, तर यंदा मी सफाक्सला कशासाठी आले असते, ते मला लिहवत नाही.

ऑगस्टमध्ये इकडे ये. डोंगरावर गार असतं, संध्याकाळी अंगणात बसू, पोटभर बोलू. तुला हवं असेल तर त्यालाही आण.

तुझी नझीहा